गर्द सोडल्यावरही तलफ का राहते: अफू, एंडॉर्फिन आणि मेंदूतले सिनॅप्स

तुमच्या प्रश्नात दोन माणसं आहेत. एक तुमचा धाकटा भाऊ. तीन वर्षं गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढत होता, आता व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. दुसरे तुमचे वडील. कर्करोगाच्या वेदनांसाठी त्यांना मॉर्फिन सुरू करायला डॉक्टरांनी सांगितलंय आणि भावाचं सगळं पाहिलेलं असल्यामुळे घरात कुणीच तयार नाही. तुम्ही विचारलंय, एंडॉर्फिन नावाचं अफूसारखंच रसायन मेंदू स्वतः तयार करतो, तर मग बाहेरून घेतलेल्या पदार्थाने असं काय होतं की माणूसच बदलतो? भावाचा मेंदू पुन्हा पहिल्यासारखा होईल का? आणि वडिलांचंही तसंच होईल का?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझं बहुतेक आयुष्य व्यसनमुक्तीच्या कामात गेलंय. 'याचा मेंदू जळाला का हो डॉक्टर?' हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावून मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल तर पेशी खरंच मरू शकतात. तसं झालं नसेल, तर मेंदू जळालेला नसतो. तो शिकलेला असतो. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळं शिकलेला असतो, आणि या प्रत्येक शिकण्याचा विसरण्याचा वेग निराळा असतो. काही आठवड्यांत पुसलं जातं, काही वर्षानुवर्षं राहतं. तुमच्या भावाच्या जिवाला आज जो खरा धोका आहे तो या वेगांच्या फरकातून येतो. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे. कृपया शेवटपर्यंत वाचा.

दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या सूक्ष्म जागेला सिनॅप्स म्हणतात. एकीकडून रसायन सुटतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे तो निरोप पकडणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतं. या जोडणीचा जोर जन्मभर एकसारखा राहत नाही. वापर कसा होतो त्यावर तो वाढतो किंवा घटतो, आणि हीच सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी 1973 साली ऑस्लोतल्या प्रयोगांतून दाखवलं की सशाच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, एका मार्गाला अगदी थोडा वेळ जलद विद्युत उद्दीपन दिलं, तर त्यानंतर कित्येक तास तिथला प्रतिसाद वाढलेलाच राहतो. याला लाँग टर्म पोटेन्शिएशन म्हणतात, आम्ही नुसतं एलटीपी म्हणतो. उलट दिशेला, म्हणजे जोर कमी होण्याच्या बदलाला एलटीडी.

हे घडतं कसं, तेही थोडं सांगतो, कारण पुढे याच रेणूंची नावं परत येणार आहेत. निरोप देणारी पेशी ग्लुटामेट हे उत्तेजित करणारं रसायन सोडते. त्याच क्षणी निरोप घेणारी पेशीही पुरेशी उत्तेजित असेल, तरच एनएमडीए नावाच्या रिसेप्टरमध्ये अडकून बसलेला मॅग्नेशियमचा आयन बाजूला होतो आणि कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम झपाट्याने आणि भरपूर आलं तर पेशी आपल्या पृष्ठभागावर ग्लुटामेटचाच निरोप घेणारे एएमपीए नावाचे रिसेप्टर वाढवते, म्हणजे पुढच्या वेळी तोच निरोप जास्त जोरात ऐकू येतो. हळूहळू आणि थोडं आलं तर एएमपीए रिसेप्टर आत ओढून घेतले जातात. भाषा शिकणं, सायकल शिकणं, विस्तवाला हात लावायचा नाही हे शिकणं, या सगळ्यांमागे याच प्रकारची यंत्रणा आहे. आणि फक्त उत्तेजित करणारे सिनॅप्सच बदलतात असं नाही. गाबा हे रसायन वापरून दुसऱ्या पेशीला शांत ठेवणारे सिनॅप्सही शिकतात. व्यसनाच्या गोष्टीत ही दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे.

आता मेंदूच्या स्वतःच्या अफूकडे येऊ. ज्या वर्षी एलटीपीचा शोधनिबंध आला त्याच 1973 साली मेंदूत अफूजन्य पदार्थांसाठी खास रिसेप्टर असल्याचं सिद्ध झालं. बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस, असे तीन गट जवळजवळ एकाच वेळी तिथे पोहोचले. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत जागा कशाला असेल? तेव्हा शरीर स्वतःच तसं काहीतरी बनवत असणार. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून ते वेगळं काढलं: एनकेफॅलिन, फक्त पाच अमिनो आम्लांची साखळी. पाठोपाठ 31 अमिनो आम्लांचं बीटा-एंडॉर्फिन आणि मग डायनॉर्फिन सापडलं. म्यू, डेल्टा आणि कॅपा हे तीन मुख्य रिसेप्टर. मॉर्फिन आणि हेरॉइनचा बहुतेक परिणाम म्यूवर होतो. डायनॉर्फिनचं नातं मुख्यतः कॅपाशी, आणि कॅपा रिसेप्टर चेतवला गेला की आनंद होत नाही, उलट उदास आणि नकोसं वाटतं. हा तपशील लक्षात ठेवा. भावाच्या पुढच्या काही महिन्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

हे रिसेप्टर मुळात पेशीला शांत करणारे आहेत. ते पोटॅशियमचे मार्ग उघडतात, त्यामुळे पेशी सहज पेटत नाही. कॅल्शियमचे मार्ग बंद करतात, त्यामुळे सिनॅप्समध्ये रसायन कमी सुटतं. आणि सायक्लिक एएमपी नावाच्या अंतर्गत संदेशवाहकाचं उत्पादन घटवतात. पहिले दोन परिणाम सेकंदांत होतात. तिसऱ्याचे पडसाद दिवसेंदिवस उमटत राहतात.

आणि इथेच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे. एनकेफॅलिन साधारणपणे पेशी जोरात काम करत असतानाच सुटतं, ठरावीक जागी सुटतं आणि तिथली एन्झाइम्स काही क्षणांत त्याचे तुकडे करतात. द्राक्षबागेत ठिबकने नेमकं बुंध्याशी पाणी पडावं तसं. हेरॉइन म्हणजे बांध फुटून अख्ख्या शिवारात शिरलेलं पाणी: कुठल्या झाडाला गरज आहे ते न पाहता सगळीकडे, आणि तासन्‌तास. रिसेप्टर तेच असतात. फरक जागेचा, वेळेचा आणि प्रमाणाचा आहे, आणि सिनॅप्स नेमकं याच तीन गोष्टींवरून शिकतो.

मेंदूतले स्वाभाविक ओपिऑइड, म्हणजे ही अफूसारखी रसायनं, शिकण्याच्या आड येतात असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. हिप्पोकॅम्पसकडे येणाऱ्या एका मार्गात, लॅटरल परफोरंट पाथमध्ये, एनकेफॅलिनशिवाय एलटीपी नीट होतच नाही. नॅलॉक्सोन या औषधाने ओपिऑइड रिसेप्टर अडवले की तिथलं एलटीपी अडतं. त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये थोडं पुढे, मॉसी फायबरच्या सिनॅप्सवर, डायनॉर्फिन एलटीपीला आवर घालतं. हे 1993 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी गिनीपिगच्या मेंदूत दाखवलं. म्हणजे एकाच कुटुंबातली रसायनं एका ठिकाणी 'हे लक्षात ठेव' म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी 'इतकं पुरे' म्हणतात. बाहेरून आलेला पदार्थ हा समतोल ओळखत नाही.

रोजच्या आयुष्यात या रसायनांचं काम काय, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण 1978 चं आहे. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून नुसतंच निष्क्रिय इंजेक्शन दिलं, तरी काहींच्या वेदना कमी झाल्या. नॅलॉक्सोन दिल्यावर हा दिलासा ओसरला. आपल्याला औषध मिळालंय या भरवशानेच मेंदूने स्वतःचं अफूसारखं रसायन सोडलं होतं. व्यायामाने एंडॉर्फिन वाढतं हे मात्र जरा सांभाळून ऐका. म्युनिकमधल्या 2008 च्या अभ्यासात दीर्घ धावण्यानंतर मेंदूत ओपिऑइड सुटल्याची चिन्हं पेट स्कॅनवर दिसली. पण नंतरच्या प्रयोगांत ओपिऑइड रिसेप्टर औषधाने अडवूनही धावण्यानंतरचा आनंद टिकला. व्यायाम भावाने जरूर करावा, त्याने झोप आणि मूड दोन्ही सुधारतात. पण रोज धावला की एंडॉर्फिन गर्दची जागा भरून काढेल, असं त्याला सांगू नका. तसं झालं नाही की तो स्वतःलाच दोष देतो.

आता गर्दने काय केलं ते पाहू. मेंदूच्या मध्यभागी खोलवर व्हीटीए नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या डोपामीन पेशी 'हे महत्त्वाचं आहे, याच्या मागे जा' असा निरोप न्यूक्लियस अकम्बन्सकडे, म्हणजे ओढ आणि आनंदाशी जोडलेल्या भागाकडे, आणि पुढच्या मेंदूकडे पाठवतात. एरवी गाबा पेशी त्यांना आवरून धरतात. जॉन्सन आणि नॉर्थ यांनी 1992 मध्ये दाखवलं की ओपिऑइड या आवरणाऱ्या पेशींनाच शांत करतात, आणि त्यामुळे डोपामीन पेशी मोकळ्या सुटतात. शांत करणारं औषध माणसाला झपाटून कसं टाकतं, या कोड्याचा उलगडा इथे होतो.

धूर फुफ्फुसातून मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोहोचतो. हेरॉइन चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते मॉर्फिनपेक्षा फार लवकर ओलांडतं आणि आत गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं. डोपामीनची लाट जितकी अचानक, तितकं शिकणं पक्कं. आणि मेंदू काय शिकतो? फक्त नशा नाही. पन्नी, काडी, त्या गल्लीचा कोपरा, बरोबरचा मित्र, खिशात पैसे आले तो दिवस, घरात भांडण झालं ती संध्याकाळ. हे सगळं एकत्र बांधलं जातं.

हा बदल किती लवकर सुरू होतो यावर 2007 मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या ज्युली काउअर यांच्या गटाने केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. व्हीटीएमधल्या डोपामीन पेशींवर येणारे गाबाचे सिनॅप्सही एरवी बळकट होऊ शकतात, म्हणजे आवर घालणंही शिकता येतं. उंदीरवर्गीय प्राण्यांना मॉर्फिनचा एकच डोस दिला आणि 24 तासांनी, औषध शरीरातून गेल्यानंतर तपासलं, तर आवर शिकण्याची ही क्षमता बंद पडलेली होती. त्याआधी 2003 मध्ये स्टॅनफर्डच्या रॉबर्ट मालेन्का यांच्या गटाने असं दाखवलं होतं की कोकेन, मॉर्फिन, निकोटिन आणि दारू या एकमेकांशी काहीच साम्य नसलेल्या पदार्थांचा एक डोसही त्याच डोपामीन पेशींवरचे उत्तेजक सिनॅप्स बळकट करतो. त्याच अभ्यासात तीव्र ताणानेही अगदी तोच बदल झाला. एकदा घेतलं म्हणजे माणूस व्यसनी झाला, असा याचा अर्थ मुळीच नाही. तो बदल काही दिवसांचा असतो. पण ताण आणि नशा एकाच सिनॅप्सवर येऊन भेटतात, हे मात्र यातून दिसतं. चांगला चाललेला मुलगा घरातल्या एका मोठ्या वादानंतर पुन्हा घेतो, तेव्हा 'निमित्तच शोधत होता' असं म्हणण्याआधी हे आठवावं.

रोज घेत राहिलं की बदल खोलवर जातात. न्यूक्लियस अकम्बन्समध्ये मॉर्फिनमुळे काही पक्क्या सिनॅप्समधले एएमपीए रिसेप्टर काढून घेतले जातात आणि ते सिनॅप्स मूक होतात, असं 2016 मध्ये प्राण्यांत दिसलं. कोकेनमध्ये मूक सिनॅप्स निराळ्या पेशींवर आणि नव्याने तयार होतात. चेतापेशींच्या फांद्यांवरचे काटे, म्हणजे सिनॅप्स जिथे बसतात ते बारीक उंचवटे, मॉर्फिनने कमी होतात. हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्मण्याचं प्रमाणही उंदरांमध्ये घटलेलं आढळलंय. तुम्ही लिहिलंय, 'त्याला आता कशातच गोडी वाटत नाही, आवडता क्रिकेटचा सामनाही बघत नाही.' हा आळस किंवा माज नाही. रोजच्या छोट्या आनंदांना प्रतिसाद देणाऱ्या जोडण्यांचा जोरच सध्या कमी आहे.

आता टॉलरन्स, म्हणजे तेवढ्याच मात्रेने पूर्वीसारखा परिणाम न होणं. याचा एक भाग रिसेप्टरचा आहे: सतत चेतवलेल्या रिसेप्टरवर फॉस्फेट बसतं, तो निरोप पुढे नेईनासा होतो, काही वेळा पेशीच्या आत ओढला जातो. दुसरा भाग सायक्लिक एएमपीचा. औषध ते दाबून ठेवतं, म्हणून पेशी ते बनवणारी यंत्रणा वाढवते. मार्शल नीरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने 1975 मध्येच हे पेशींमध्ये दाखवलं होतं. मग एक दिवस पदार्थ मिळाला नाही की वाढलेली यंत्रणा मोकळी सुटते. मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियस या भागात नॉरॲड्रिनलिनचा महापूर येतो आणि घाम, काटा, जांभया, नाक वाहणं, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं हे सगळं सुरू होतं. मुलं याला टर्की म्हणतात. हेरॉइनच्या शेवटच्या मात्रेनंतर काही तासांतच ती सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वाईट असते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते. भयंकर वाटते, पण सुदृढ तरुण माणसात पाणी आणि क्षार नीट सांभाळले तर ती स्वतःहून जीव घेत नाही.

टॉलरन्सचा तिसरा भाग मात्र चक्क शिकण्याचा आहे. ट्रुहियो आणि हुदा अकील यांनी 1991 मध्ये उंदरांना मॉर्फिनबरोबर एनएमडीए रिसेप्टर अडवणारं औषध दिलं, तर टॉलरन्स आणि अवलंबित्व दोन्ही फारसं तयार झालं नाही. म्हणजे जी यंत्रणा पाढे पाठ करायला लागते तीच इथेही लागते. आणि शिकणं म्हटलं की जागा आली. शेपर्ड सीगल यांनी 1982 मध्ये हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना मोठा डोस दिला. काहींना नेहमीच्या खोलीत, काहींना अनोळखी खोलीत. अनोळखी खोलीत मरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. नेहमीच्या जागी शरीर आधीच तयारीत असतं, नव्या जागी नसतं.

इथे मी सुरुवातीला म्हटलेला वेगांचा फरक नीट समजून घ्या. श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या देठातला टॉलरन्स पदार्थ बंद झाल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतो. टर्की आठवड्यात जाते. उदासपणा, झोप न लागणं, चिडचिड हे महिनोन्‌महिने रेंगाळतं. यात मघाशी सांगितलेल्या डायनॉर्फिनचा मोठा हात आहे. दीर्घ वापराने आणि ताणाने ते वाढतं आणि कॅपा रिसेप्टरमार्फत डोपामीन दाबून ठेवतं. आणि तलफ? खुणांशी, म्हणजे ती पन्नी, गल्ली, मित्र यांच्याशी जोडली गेलेली तलफ पहिल्या काही आठवड्यांत कमी होण्याऐवजी वाढते. उंदरांत हेरॉइनच्या बाबतीत हे मोजून पाहिलेलं आहे.

म्हणजे केंद्रातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोक्यात ओढ जुन्याच मापाची असते आणि शरीराची सहनशक्ती मात्र नवख्या माणसाची झालेली असते. तो 'एकदाच' म्हणून पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसच्या मृत्यूसाठी सर्वांत धोक्याचे असतात, हे जगभर दिसून आलंय. घरच्यांना वाटतं आता सुटला, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलगा हातचा जातो. हे मी पाहिलंय आणि ते टाळता येण्यासारखं असतं म्हणून जास्त सलतं.

त्यामुळे भावाशी आजच स्पष्ट बोला. 'पुन्हा घेतलंस तर बघ' असं नाही; 'पुन्हा घेतलंस तर पूर्वीची मात्रा तुला मारेल, आणि घेतलंस तर लपवू नकोस' असं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या, ज्यांना रस्त्यावर बटण म्हणतात, यांच्याबरोबर धोका कितीतरी पटींनी वाढतो. हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास अगदी सावकाश किंवा घोरल्यासारखा अडखळत चाललाय, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की एका कुशीवर वळवा आणि ताबडतोब 108 ला फोन करा किंवा रुग्णालयात न्या. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलॉक्सोन काही मिनिटांत रिसेप्टरवरून ओपिऑइड हटवतं. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात संपतो आणि पदार्थ शरीरात उरलेला असू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी लगेच घरी आणू नका.

भावाला गावाला पाठवण्याचा विचार तुम्ही लिहिलाय. आपल्याकडे हा उपाय फार जुना आहे, आणि त्याच्या बाजूने एक भक्कम उदाहरणही आहे. व्हिएतनाममध्ये अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स यांनी 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा घरी आल्यावर त्यांतले फार थोडे पुन्हा व्यसनात गेल्याचं दिसलं. खुणाच मागे राहिल्या होत्या. पण त्या सैनिकांना परत व्हिएतनामला जायचं नव्हतं. तुमचा भाऊ सहा महिन्यांनी त्याच वस्तीत, त्याच नाक्यावर येणार आहे. तलफेच्या खुणा तिथे तशाच असतील आणि टॉलरन्स शून्यावर आलेला असेल. कायमचं स्थलांतर शक्य असेल, काम तिथेच मिळणार असेल तर जरूर पाठवा. नुसतं 'चार महिने हवापालट' करायचं असेल, तर मी नको म्हणेन.

त्याऐवजी किंवा त्याबरोबर ब्युप्रेनॉर्फिनचा विचार करा. जिभेखाली ठेवायची गोळी असते. मानसोपचार विभागांत आणि सरकारी ओएसटी केंद्रांत, म्हणजे नशेऐवजी देखरेखीखाली औषध देणाऱ्या केंद्रांत, मिळते. 'एक नशा सोडवून दुसरी लावायची' हा आक्षेप मी रोज ऐकतो, आणि सिनॅप्सच्या पातळीवर तो टिकत नाही. हे औषध म्यू रिसेप्टरला घट्ट धरतं पण अर्धवटच चेतवतं, त्यामुळे श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाही. रक्तातली पातळी दिवसभर जवळजवळ सपाट राहते. लाट नाही, म्हणून नवं शिकणं नाही. खड्डा नाही, म्हणून टर्की नाही. शिवाय ते कॅपा रिसेप्टर अडवतं, म्हणजे डायनॉर्फिनच्या उदासपणावरही काही प्रमाणात लागू पडतं. या उपचारावर असलेल्या माणसांत मृत्यू कमी होतात, ही व्यसनशास्त्रातली सर्वांत भक्कम गोष्ट आहे. भावाने ते महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षं घेतलं तर त्यात अपयश नाही. एकच सावधानता: शरीरात हेरॉइन असताना पहिली गोळी घेतली तर ती हेरॉइनला रिसेप्टरवरून ढकलते आणि अचानक तीव्र टर्की येते. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

मेंदू पहिल्यासारखा होईल का? जुनी आठवण बहुधा पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी उभी राहते. आठवण जागी केल्यावर काही काळ ती बदलण्याजोगी असते, याचा उपयोग करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. 2012 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी व्यसन सोडलेल्या हेरॉइन वापरणाऱ्यांना आधी थोडक्यात खुणा दाखवल्या आणि 10 मिनिटांनी त्याच खुणा नशेविना पुन्हा पुन्हा दाखवल्या, तर सहा महिन्यांनंतरही तलफ कमी होती. रोजच्या उपचारात हे अजून आलेलं नाही, पण दिशा आश्वासक आहे. माझ्या अनुभवात गोडी परत येते. सहसा वर्षभराच्या आत, टप्प्याटप्प्याने. आधी झोप, मग भूक, मग माणसं. भावाकडून दुसऱ्या महिन्यात उत्साहाची अपेक्षा करू नका.

आता वडील. त्यांच्याबद्दल मला सर्वांत ठामपणे सांगायचंय: मॉर्फिन नाकारू नका.

वेदनाही सिनॅप्समध्ये शिकली जाते. मज्जारज्जूत जिथे वेदना वाहणारे बारीक तंतू पहिला निरोप देतात, तिथेही एलटीपी होतं. तीव्र वेदना उपचाराविना राहिली की तो सिनॅप्स बळकट होत जातो आणि तेवढ्याच इजेने जास्त दुखायला लागतं. व्हिएन्नातल्या युर्गन सांडक्यूलर यांच्या गटाने यावर दोन महत्त्वाचे प्रयोग केले. 2009 मध्ये त्यांनी दाखवलं की उंदरांना दिलेलं ओपिऑइड झटकन बंद केलं तर मज्जारज्जूतल्या याच सिनॅप्सवर एलटीपी होतं, म्हणजे वेदना वाढते. हळूहळू कमी केलं तर ते टळतं. 2012 मध्ये दाखवलं की आधी तयार झालेलं वेदनेचं एलटीपी थोड्या वेळाच्या जास्त मात्रेने उलटवता येतं. हे भूल दिलेल्या प्राण्यांत आहे, त्यावरून घरी कुणी मात्रा वाढवायची नाही. पण पहिल्या प्रयोगातला धडा आमच्या रोजच्या अनुभवाशी जुळतो: मॉर्फिन मनाने एकदम थांबवायचं नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवायचं.

काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर वडिलांच्या शरीराला त्याची सवय होईल. अचानक बंद केलं तर त्रास होईल. याला अवलंबित्व म्हणतात, व्यसन नाही. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही पदार्थाच्या मागे धावतो. त्याला लागते ती लाट. ठरलेल्या वेळी पोटातून दिलेल्या मॉर्फिनची पातळी सावकाश चढते, आणि ते वेदनेच्या खाली दबलेल्या माणसाला झोप, जेवण, बोलणं परत देतं. तो शिकतो ते एवढंच की दुखणं थांबतं. नीट देखरेख असेल तर कर्करोगाच्या रुग्णात व्यसनाचा धोका कमी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी उपचारांच्या पायऱ्या आखल्या तेव्हापासून तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन त्यात आहे. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते देणं सोपं झालं. तरी पुष्कळ रुग्ण अजून विनाकारण तळमळत राहतात, आणि त्यात घरच्यांच्या भीतीचाही वाटा असतो.

सुरुवातीची मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते, कारण त्यांचा टॉलरन्स लवकर येतो. बद्धकोष्ठतेचा जवळजवळ येतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध बरोबर हवं. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या.

आणि दोघं एकाच घरात आहेत. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला ते सांगायलाच हवं. वडिलांच्या डॉक्टरांना भावाबद्दल सांगा, आणि भावाच्या डॉक्टरांना वडिलांच्या मॉर्फिनबद्दल. गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली एकाच माणसाकडे, तीही भावाकडे नाही. रोज मोजून द्या, वहीत लिहा. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, ज्या संस्थेतून आणल्या तिथे परत करा. हे सगळं भावाच्या पाठीमागे करू नका. त्याला समोर बसवून सांगा की त्याच्या मेंदूला ही खूण नजरेसमोर नको आहे, म्हणून. बहुतेक मुलं हे ऐकून चिडत नाहीत, त्यांना हायसं वाटतं. वडिलांची सेवा करायची त्याची इच्छा असेल तर जेवण भरवणं, पाय चेपणं, रात्री जागणं त्याच्याकडे द्या. औषध तेवढं तुम्ही द्या.